चेहरा वाचायचा कोणी, कोणाचा?

स्वमग्नता आणि चेहरा हा विषय निघाला की येल विद्यापीठातल्या अमी क्लिन, वॉरन जोन्स आणि सहकाऱ्यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग हमखास आठवला जातो. त्यांनी काही तरुणांना ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’ हा १९६६ सालचा कृष्णधवल चित्रपट दाखवला. एका घरात चार माणसं रात्रभर पितात, बोलतात, भांडतात, एकमेकांना घायाळ करतात. जे घडतं ते बहुतेक चेहऱ्यांवरच घडतं, म्हणूनच हा चित्रपट निवडला होता. प्रेक्षकांपैकी १५ जण स्वमग्न होते, १५ जण नव्हते. कोणाची नजर कोणत्या क्षणी पडद्यावर कुठे टेकते, याची यंत्राने नोंद होत होती.

एका प्रसंगात एक पात्र भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवून ते कोणी काढलं असं विचारतं. स्वमग्न नसलेल्या प्रेक्षकाची नजर बोटामागोमाग थेट त्या चित्रावर गेली आणि तिथून उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावर. स्वमग्न प्रेक्षकाने आधी प्रश्नातले शब्द ऐकले आणि मग भिंतीवरच्या एकेका चित्रावरून नजर फिरवली. पात्राचे डोळे विस्फारले तेव्हा एका गटाचं लक्ष डोळ्यांवर होतं, दुसऱ्याचं ओठांवर. सगळ्या नोंदी एकत्र केल्यावर दिसलं, की स्वमग्न नसलेल्यांनी डोळे पाहण्यात दुपटीहून अधिक वेळ घालवला होता.

स्वमग्न माणसं डोळ्यांकडे पाहत नाहीत म्हणून त्यांना माणसं कळत नाहीत, असा निष्कर्ष यातून पटकन निघतो. पण त्याच शोधनिबंधात आणखी एक निरीक्षण होतं. स्वमग्न तरुणांपैकी जे ओठांकडे जास्त पाहत होते, त्यांचं रोजच्या जगण्यातलं सामाजिक वागणं तुलनेने चांगलं होतं. अडचण जास्त होती ती वस्तूंकडे पाहत राहणाऱ्यांना. ओठांतून शब्द येतात आणि ही मुलं शब्दांच्या आधाराने प्रसंग समजून घेत असावीत. चेहरा टाळणं आणि चेहरा वेगळ्या रीतीने पाहणं यांत मोठा फरक आहे. गेल्या पन्नासएक वर्षांचं संशोधन नीट लावून पाहिलं तर हा फरक जागोजागी दिसतो, आणि शाळेत, दवाखान्यात, मुलाखतीच्या खोलीत तोच सर्रास विसरला जातो.

खालचा अर्धा चेहरा

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि स्वमग्नतेला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळालं. माणसांच्या चेहऱ्यांकडे या मुलांचं लक्ष नसतं, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्परगर यांनीही आपल्याकडे येणाऱ्या मुलांच्या नजरेचं वेगळेपण टिपलं. त्यानंतर तीसेक वर्षं ही गोष्ट डॉक्टरांच्या वर्णनांतच राहिली. ती मोजून पाहिली टिम लँगडेल यांनी, १९७८ साली.

लँगडेल यांनी मुलांना त्यांच्या सोबत्यांची छायाचित्रं दाखवली; पण कधी चेहऱ्याचा वरचा भाग झाकून, कधी खालचा झाकून, कधी छायाचित्र उलटं धरून. इतर मुलं डोळ्यांच्या भागावरून सोबती ओळखत. लहान स्वमग्न मुलं मात्र नाक, ओठ, हनुवटी एवढंच दिसत असतानाही त्यांच्यापेक्षा चांगली ओळखत होती. मोठी स्वमग्न मुलं उलट्या छायाचित्रांत सरस ठरली. पीटर हॉब्सन आणि सहकाऱ्यांना १९८८ साली उलट्या चेहऱ्यांबाबत असाच निकाल मिळाला.

उलट्या छायाचित्राला महत्त्व का, हे समजायला १९६९ सालच्या रॉबर्ट यिन यांच्या कामाकडे जावं लागतं. घर किंवा विमान उलटं दाखवलं तर ते ओळखणं थोडं अवघड होतं. चेहरा उलटा केला तर फारच अवघड होतं, असं त्यांनी दाखवलं. ओळखीची सही आपण अक्षरं सुटी करून वाचत नाही, एका नजरेत ओळखतो. चेहऱ्याचंही तसंच आहे. उलटा केल्यावर ही अखंड आकृती मोडते. स्वमग्न मुलांना उलट्या चेहऱ्याचा त्रास कमी होत असेल, तर ती चेहरा तुकड्यातुकड्यांनी वाचत असतील, असा तर्क निघाला. मग उटा फ्रिथ यांनी १९८९ साली मांडलेला, स्वमग्न मन तपशिलात रमतं आणि अखंड चित्राकडे कमी ओढलं जातं हा विचार त्याला येऊन मिळाला.

तर्क आकर्षक होता, पण पुढे तो पूर्णपणे टिकला नाही. सारा वायगेल्ट, कामी कोल्डेवाइन आणि नॅन्सी कॅनविशर यांनी २०१२ साली तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. स्वमग्न माणसं चेहरा मुळातच निराळ्या पद्धतीने वाचतात, याला भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही; उलट्या चेहऱ्याने त्यांचाही गोंधळ होतो. अडचण ठळकपणे दिसली ती दोन ठिकाणी. पाहिलेला चेहरा थोड्या वेळानंतर आठवून ओळखायचा असेल तेव्हा, आणि ओळखीची खूण डोळ्यांच्या भागात असेल तेव्हा.

मेंदू आणि डिजिमॉन

कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या तळाशी फ्युसिफॉर्म नावाची एक घडी आहे. चेहरा दिसला की तिचा एक ठरावीक भाग जोरात कामाला लागतो, हे कॅनविशर यांनी १९९७ साली दाखवलं. तीनच वर्षांनी येलच्या रॉबर्ट शुल्झ यांना १४ स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूत हा भाग चेहऱ्यांना कमी प्रतिसाद देताना आढळला; वस्तू पाहताना वापरला जाणारा शेजारचा भाग त्यांच्या चेहरे पाहण्यात जास्त गुंतलेला होता. स्वमग्न माणसाला चेहरा वस्तूसारखा दिसतो, असं कठोर वाक्य त्या काळात अनेक ठिकाणी छापून आलं.

ते वाक्य मोडायला एक लहान मुलगा कारणीभूत ठरला. २००५ साली येलच्याच डेव्हिड ग्रेलोटी आणि सहकाऱ्यांनी डिजिमॉन या जपानी कार्टूनचा विलक्षण नाद असलेल्या एका स्वमग्न मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांचे चेहरे पाहताना त्याचा फ्युसिफॉर्म शांत होता. डिजिमॉनची पात्रं दिसताच तो भाग उजळला आणि भावनांशी जोडलेला अमिग्डालाही जागा झाला. यंत्रणा शाबूत होती, ती वेगळ्या गोष्टीवर पोसली गेली होती.

दुसरा धक्का साध्या युक्तीने बसला. नुशीन हाजीखानी यांनी २००४ साली छायाचित्राच्या मध्यावर एक खूण ठेवली आणि तिच्याकडे पाहत राहायला सांगितलं. नजर चेहऱ्यावर टिकली तेव्हा स्वमग्न व्यक्तींचा फ्युसिफॉर्मही कामाला लागला. कॅरन पिअर्स यांनी त्याच वर्षी जवळच्या माणसांची छायाचित्रं वापरली, तेव्हाही तो भाग सक्रिय दिसला. म्हणजे आधीच्या प्रयोगांत दिसलेली शांतता बऱ्याच अंशी नजर कुठे होती आणि चेहरा कोणाचा होता, यावर ठरत होती.

वेगातला फरक मात्र बऱ्यापैकी टिकून आहे. चेहरा दिसल्यावर सुमारे १७० मिलिसेकंदांनी डोक्यावरच्या विद्युतलहरींत एक खळगा उमटतो. स्वमग्न व्यक्तींत तो सरासरीने थोडा उशिरा येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली ही खूण आपल्या जैविक खुणांच्या तपासणी कार्यक्रमात घेतली. तिचा उपयोग संशोधनात सारख्या प्रकारच्या व्यक्तींचे गट पाडण्यासाठी व्हावा, असा हेतू आहे. एकट्या मुलाचं निदान त्यावरून होत नाही.

नजर का वळते

डोळे टाळण्याची दोन कारणं सुचवली जातात. पहिलं असं, की या मुलांना माणसांत मुळातच रस कमी असतो, त्यामुळे चेहऱ्याचा सराव होत नाही. दुसरं बरोबर उलटं आहे: समोरचे डोळे त्यांना इतके प्रखर वाटतात, की नजर काढून घेणं हाच आराम असतो.

पहिल्या कारणाला जोन्स आणि क्लिन यांच्या २०१३ सालच्या अभ्यासाने नवं वळण दिलं. ज्यांच्या मोठ्या भावंडांना स्वमग्नता होती, अशा बाळांची नजर त्यांनी दुसऱ्या महिन्यापासून पुढे मोजत नेली. ज्या बाळांना पुढे स्वमग्नतेचं निदान झालं, तीही दुसऱ्या महिन्यात इतर बाळांसारखीच डोळ्यांकडे पाहत होती. घसरण सुरू झाली ती दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान. जन्मापासूनच चेहऱ्यांशी फारकत असते, ही समजूत या बाळांनी खोटी ठरवली.

दुसऱ्या कारणाच्या बाजूने विस्कॉन्सिनच्या किम डाल्टन यांचा २००५ सालचा प्रयोग आहे. स्वमग्न व्यक्ती जितका जास्त वेळ डोळ्यांकडे पाहत, तितका त्यांचा अमिग्डाला अधिक पेटत असे. हाजीखानी यांनी २०१७ साली नजर डोळ्यांच्या भागातच राहील अशी व्यवस्था केली, तेव्हा मेंदूच्या खोल भागांत नेहमीपेक्षा जास्त खळबळ दिसली. स्वमग्न प्रौढांची स्वतःची वर्णनंही याला जुळणारी आहेत. नजर भिडली की शरीराला त्रास होतो असं काही जण सांगतात; काही सांगतात की डोळ्यांकडे पाहिलं तर ऐकू येणारे शब्द निसटतात, दोन्ही एका वेळी जमत नाहीत. अमेरिकेतले जॉन एल्डर रॉबिसन यांनी २००७ साली आपल्या आत्मकथनाला ‘लुक मी इन द आय’ हे नाव दिलं. लहानपणी मोठी माणसं सतत हेच बजावत आणि ते जमलं नाही की लबाड समजत, हा त्या पुस्तकातला मोठा सल आहे.

वर्तनोपचारात कित्येक दशकं ‘माझ्याकडे बघ’ ही पहिली आज्ञा असे. मुलाने पाहिलं की खाऊ किंवा शाबासकी मिळायची. मूल पाहायला शिकायचंही. पण त्या पाहण्यातून त्याच्यापर्यंत काय पोचतं आणि त्याला काय सोसावं लागतं, हे त्या मोजमापात नव्हतं.

कोण आहे आणि काय वाटतंय

चेहरा दोन वेगळी कामं करतो. हा माणूस कोण ते सांगतो, आणि त्याला काय वाटतंय ते सांगतो. स्वमग्नतेच्या चर्चेत ही दोन्ही कामं नेहमी एकत्र कालवली जातात.

चेहरा ओळखता न येण्याला जर्मन मेंदूतज्ज्ञ योआखिम बोडामर यांनी १९४७ साली प्रोसोपॅग्नोशिया असं नाव दिलं. मराठीत त्याला चेहरेआंधळेपणा म्हणता येईल. तो स्वमग्नता नसतानाही असतो. लेखक-डॉक्टर ऑलिव्हर सॅक्स आणि चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांनी स्वतःला तो असल्याचं सांगितलं होतं. पण स्वमग्न प्रौढांत त्याचं प्रमाण बरंच मोठं दिसतं. इटलीतल्या एका अभ्यासात २०२० साली ते ३६ टक्के आढळलं. स्वतः स्वमग्न असलेल्या लेखिका टेंपल ग्रँडिन यांनीही लिहून ठेवलं आहे, की पुष्कळदा भेटल्याशिवाय किंवा एखादी ठळक खूण असल्याशिवाय त्यांना चेहरे लक्षात राहत नाहीत.

असा माणूस केस, चाल, आवाज, चष्मा, कपडे यांवरून ओळख पटवतो. मग वडिलांनी मिशी काढली की घोटाळा होतो. एकाच गणवेशातल्या वर्गात मित्र शोधणं कठीण होतं. लग्नकार्यात तर नटूनथटून आलेली मावशी वाकून विचारते, “सांग पाहू, मी कोण?” मूल गप्प राहतं आणि आजूबाजूचे त्याला घुमं ठरवतात. मावशीने “मी नाशिकची सुमनमावशी” असं म्हटलं असतं, तर त्याच मुलाने कदाचित तिच्या घरामागून जाणाऱ्या गाडीची वेळसुद्धा सांगितली असती.

भाव वाचण्याचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. मिर्को उल्यारेविच आणि अँटोनिया हॅमिल्टन यांनी २०१३ साली ४८ अभ्यास एकत्र केले. स्वमग्न व्यक्तींना भाव ओळखण्यात अडचण येते, हे त्यांतून दिसलं. आनंद ओळखण्यात ती थोडी, भीती ओळखण्यात अधिक. पण नकारात्मक निकाल छापलेच जात नाहीत हा दोष गणितात धरल्यावर फरकाचा आकार जवळपास निम्म्यावर आला.

त्याच वर्षी लंडनमधल्या रिचर्ड कुक, जेफ बर्ड आणि सहकाऱ्यांनी या प्रश्नाची मांडणीच बदलली. स्वतःच्याच भावना ओळखता आणि सांगता न येण्याची एक अवस्था असते. तिला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. ती सर्वसाधारण लोकांत सुमारे ५ टक्क्यांना असते, स्वमग्न व्यक्तींत सुमारे निम्म्यांना. ही अवस्था वेगळी मोजल्यावर दिसलं, की दुसऱ्याचे भाव न कळण्याचा संबंध तिच्याशी आहे, स्वमग्नतेशी थेट नाही. दोन स्वमग्न मुलं शेजारी बसलेली असतील, तर एकाला शिक्षिकेचा राग तिच्या कपाळावरून कळेल आणि दुसऱ्याला कळणार नाही. एकच नाव लावून दोघांना एकच उपचार देणं त्यामुळे चुकतं.

औषध आणि आगगाड्या

उपाय शोधताना बराच पैसा आणि आशा ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या फवाऱ्यावर लागली. २०१० साली फ्रान्समधल्या एका छोट्या प्रयोगात तो नाकात मारल्यावर स्वमग्न प्रौढ डोळ्यांकडे अधिक पाहू लागले. २०२१ साली २९० मुलांवरच्या मोठ्या अमेरिकी चाचणीचा निकाल आला. २४ आठवडे खरा फवारा घेतलेल्या आणि खोटा फवारा घेतलेल्या मुलांच्या सामाजिक वागण्यात फरक नव्हता.

केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने निराळा रस्ता धरला. पुष्कळ स्वमग्न मुलांना चाकं, रूळ, ठरलेल्या मार्गाने जाणाऱ्या गाड्या आवडतात. म्हणून त्यांनी ‘द ट्रान्सपोर्टर्स’ ही मालिका केली. तिच्यात ट्राम, आगगाडी, केबलकार यांना माणसांचे खरे चेहरे दिले होते. चार ते सात वर्षांच्या मुलांनी महिनाभर ती पाहिली आणि भाव ओळखण्याच्या चाचणीत ती इतर मुलांच्या बरोबरीला आली. पण असं शिकलेलं खेळाच्या मैदानावर किती उतरतं? २०१४ साली कॉक्रेन संस्थेने या धाटणीच्या २२ चाचण्यांचा आढावा घेतला. शिकवलेलं कौशल्य येतं, मात्र ते टिकतं आणि दुसऱ्या प्रसंगात वापरलं जातं याचा पुरावा तुटपुंजा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

समोरच्याची परीक्षा

इथवरच्या सगळ्या प्रयोगांत परीक्षा एकाच बाजूची होती. स्वमग्न माणूस इतरांना किती वाचू शकतो, एवढंच विचारलं जात होतं. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली हा प्रश्न फिरवला. दोन वेगळ्या प्रकारच्या मनांची भेट होते तेव्हा न कळणं दोन्हीकडून असतं. मग दोष एकाच्याच नावावर का, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे तपासता येण्याजोगं होतं आणि तपासलंही गेलं. नॉटिंगहॅममध्ये एलिझाबेथ शेपर्ड यांनी स्वमग्न आणि इतर तरुणांना गुपचूप चार प्रसंगांत टाकलं: संशोधकाने विनोद सांगितला, कौतुक केलं, आपली रडकथा सांगितली किंवा उगाच ताटकळत ठेवलं. त्या वेळचे चेहरे चित्रित करून दुसऱ्या लोकांना दाखवले आणि काय घडलं असेल ते ओळखायला सांगितलं. स्वमग्न चेहऱ्यांबाबत लोक जास्त चुकले. ते चेहरे निर्विकार मात्र नव्हते; पाहणाऱ्यांना ते इतरांइतकेच बोलके वाटले, फक्त वाचता आले नाहीत.

नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली याची किंमत दाखवली. काही सेकंदांची चित्रफीत पाहूनच लोकांनी स्वमग्न व्यक्तींना कमी गुण दिले आणि त्यांच्याशी बोलायला, शेजारी राहायला नाखुशी दाखवली. तेच बोलणं नुसतं लिहून वाचायला दिलं, तेव्हा हा पूर्वग्रह नाहीसा झाला. बोलण्यात काही खोट नव्हती. चेहरा, आवाज आणि हालचाल पाहून निकाल लागला होता. पुढच्या अभ्यासात, ही व्यक्ती स्वमग्न आहे असं आधी सांगितल्यावर आणि पाहणाऱ्याला स्वमग्नतेची माहिती असल्यावर मत सुधारलं.

एडिंबरात कॅथरिन क्रॉम्प्टन यांनी २०२० साली एकाने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायची अशा साखळ्या केल्या. सगळेच स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट सगळेच इतर असलेल्या साखळीइतकीच शाबूत पोचली. मिश्र साखळीत ती जास्त गळाली. २०२५ साली ३११ जणांवर हा प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा मिश्र साखळीही मागे पडली नाही. दुतर्फा अडचणीचा विचार मोजमापात नेमका कुठे बसतो यावर काम चालू आहे, पण स्वमग्न माणसांना माहिती पोचवता येत नाही हा समज दोन्ही प्रयोगांत टिकला नाही.

किंमत मोजावी लागते ती मुख्यतः अनोळखी अधिकाऱ्यासमोर. खोटं बोलणारा नजर चुकवतो, ही जगातली सर्वांत पसरलेली समजूत आहे. ५८ देशांतल्या पाहणीत ती पहिल्या क्रमांकावर आली. खोटं ओळखण्याची खूण म्हणून ती कुचकामी आहे, हे मानसशास्त्रात वारंवार दिसलं आहे. तरी ऑस्ट्रेलियातल्या अलीझा लिम आणि सहकाऱ्यांच्या २०२२ सालच्या अभ्यासात स्वमग्न प्रौढ खरं सांगत असतानाही लोकांना कमी विश्वासार्ह वाटले. पोलीस ठाण्यात, साक्षीच्या पिंजऱ्यात, नोकरीच्या मुलाखतीत असं मत बनलं तर त्याचे परिणाम आयुष्यभर भोगावे लागतात. म्हणूनच कितीतरी स्वमग्न माणसं भुवयांच्या मध्ये पाहायला, मोजून मान डोलवायला, ठरवून हसायला शिकतात आणि दिवसाअखेरी गळून जातात.

आपल्याकडची मोजपट्टी

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. तिच्या प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरली जाते आणि तिचा पहिलाच प्रश्न नजरेला नजर देण्याबद्दल आहे. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. एकूण ७० पासून सौम्य, १०७ पासून मध्यम आणि १५३ च्या पुढे तीव्र स्वमग्नता धरली जाते. म्हणजे नजर हा प्रमाणपत्रावरच्या आकड्याचा एक भाग आहे.

हे मोजमाप अशा समाजात होतं, जिथे मुलाने मोठ्यांसमोर नजर खाली ठेवावी हे अनेक घरांत वळण म्हणून शिकवलं जातं, आणि त्याच मुलाला शाळेत “माझ्याकडे बघून बोल” असं दरडावलं जातं. पाश्चात्त्य आणि पूर्व आशियाई माणसं चेहऱ्यावर नजर वेगळ्या रीतीने फिरवतात, हे कॅरोलिन ब्ले आणि रॉबर्टो काल्दारा यांनी २००८ साली दाखवलेलं आहे. येलच्या प्रयोगशाळेतली डोळ्यांवर खिळलेली नजर साऱ्या जगाचं प्रमाण धरता येत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या शेन रॉजर्स यांच्या २०१९ सालच्या प्रयोगातली एक गोष्ट पालकांना आणि शिक्षकांना उद्यापासून वापरता येईल. त्यात बोलणारी व्यक्ती काही जणांच्या डोळ्यांकडे आणि काही जणांच्या ओठांकडे पाहत राहिली. समोरच्यांना फरक कळला नाही. दोन्ही गटांनी आपल्याशी नजरभेट झाली असंच सांगितलं. ज्या मुलाला डोळे सोसत नाहीत, त्याने ओठांकडे पाहिलं तरी संभाषणाचं काही बिघडत नाही. बोलणं बाकावर शेजारी बसून, चालता चालता किंवा चित्र काढतानाही होऊ शकतं. शिक्षिकेला राग आला असेल तर “मला राग आलाय, कारण वही घरी राहिली” असं शब्दांत सांगता येतं. मुलाखत घेणाऱ्याला गुणांच्या तक्त्यातून नजरेचा रकाना काढून टाकता येतो.

आणि तपासणीच्या खोलीत एका प्रश्नाऐवजी तीन विचारता येतात: हे मूल माणसं ओळखतं का, कशावरून? भाव त्याला कळतात का, स्वतःचेही? डोळ्यांकडे पाहताना त्याला त्रास होतो का? पहिल्याचं उत्तर आईला नेमकं ठाऊक असतं, कारण आजोबांनी कानटोपी घातल्यावर काय झालं ते तिने पाहिलेलं असतं. दुसऱ्यासाठी मुलाशी भावनांची नावं घेऊन बोलावं लागतं. तिसरं बोलणाऱ्या मुलाला सरळ विचारता येतं, आणि न बोलणाऱ्याची मान, हात आणि श्वास पाहून नोंदता येतं.